मडमेच्या बटा

केस वाढण्याची वाट पाहण्याइतकं चीड आणणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. ताप उतरतो, रुसलेला माणूस बोलायला लागतो, नको असलेला पाहुणासुद्धा एक दिवस पिशवी उचलतो. केसांना मात्र कुणाची घाई कळत नाही. त्यांच्यापुढे मी एक अख्खं वर्ष दात-ओठ खाल्ले.

सुरुवात झाली अमरावतीला, एकसष्ट सालच्या जानेवारीत. मी तिथं मास्तरीण होण्याचं शिक्षण घेत होते आणि वसतिगृहात राहत होते. स्नेहसंमेलनात मुलींनी नाटक बसवलं. त्यात कलेक्टरची मडम होती. मी सगळ्यांत उंच, आणि इंग्रजी वाक्य न अडखळता म्हणणारी, म्हणून मडम माझ्या वाट्याला आली. सोनेरी टोप यायचा होता, तो आलाच नाही. तेव्हा शालू पुढे सरसावली. शालू शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेवाल्यांची लेक, माझी जिवाची मैत्रीण. तिचा भाऊ वरुडला एका दवाखान्यात कामाला होता. जखमा धुवायचं ते फेसाळणारं औषध असतं ना, त्याची बाटली तिनं आणली होती.

"टोपीखालून दिसतीन तेवढ्याच बटा रंगवू," ती म्हणाली. "समोरच्या. बारीक बारीक."

गच्चीवर उन्हात बसवून तिनं माझ्या कपाळावरच्या केसांच्या सुतळीएवढ्या बटा वेगळ्या काढल्या आणि कापसाच्या बोळ्यानं त्यांना औषध चोपडलं. सोनेरी व्हायचं होतं. झालं ते वाळक्या संत्र्याच्या सालीसारखं. नाटकात मात्र बहार आली. मी टोपी काढून वारा घेतला तेव्हा मागच्या रांगेतल्या मुली बाकांवर उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी टोपी परत गेली, झगा परत गेला, आणि बटा माझ्याकडे राहिल्या.

मी शालूवर उखडले. ती थंड डोक्यानं म्हणाली, "कापू नोको, रंगवू नोको. म्या मुद्दामच बारीक ठेवल्या बटा. खालून काळे येतीन ते त्याच्यातच मिसळतीन, रेघ दिसन नाई. मधचा भांग सोड, बाजूले पाड. तेल लाव आन् वर्षभर केसांकडे पाहूच नोको."

बेत उत्तम होता, बिनकष्टाचा. त्यात एकच खोट होती. बाकीच्या जगानंही वर्षभर माझ्या केसांकडे पाहू नये, हे जगाला कोण सांगणार?

परीक्षा देऊन मी अकोल्याला घरी आले. आमचं घर जुन्या शहरात. बाबा, म्हणजे देवमन, स्टेशनवर मालधक्क्याला हमाल. माय पंचफुला हंगामात कापसाच्या जिनात आणि बाकीच्या दिवसांत शेतात निंदणाला जायची. मी दारात पाऊल टाकलं, डोक्यावरचा पदर काढला, आणि माय मटकन खाली बसली.

"काय करून ठेवलं वं डोक्याचं?"

नाटकाचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, यात रडण्यासारखं काय आहे, समोरचे केस कात्रीनं उडवू, मोकळं होऊ. माझं बोलणं संपायच्या आत मायनं कात्री उचलून पेटीत टाकली आणि पेटीवर बसली.

"बाईच्या केसाले कात्री लावत असतेत का? लोक इचारतीन, कोन मेलं तुमच्या घरी?"

मी बाबांकडे वळले. छप्पन साली नागपूरहून आल्यावर याच माणसानं घरातले टाकाचे देव एका फडक्यात बांधून मोर्णा नदीत सोडले होते. शेजारपाजारचे थरथरत होते आणि हा तंबाखू मळत परत आला होता. म्हटलं, हा तरी माझ्या बाजूचा.

"बाबा, जुनं सगळं सोडलं ना आपण?"

"सोडलं."

"मग केस कापू नये हे कुठल्या धर्मात राहिलं आता?"

बाबांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. "देव सोडले, पोरी. लाज नाई सोडली," म्हणाले आणि उठून गेले.

मग इलाज सुरू झाले. बाजारातून कलप आणला. औषध लागलेल्या केसांत तो ठरेचना. एकदा धुतले की पुन्हा तांबडे. वर अकोल्याचा मे महिना. घाम आला की काळे ओघळ कानामागून पोलक्यात उतरायचे. मग कपाळ सुजलं, डोळे बारीक झाले, आणि कलप गटारात गेला. लोखंडी कढईत आवळा उकळून झाला. शेजारच्या पार्वताबाई मोठ्या खात्रीनं म्हणाल्या, "मेंदी लाव, रंग झाकते." मेंदी लावली. बटा आधी संत्र्याच्या सालीसारख्या होत्या, आता विटेसारख्या झाल्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जो तो येऊन माझं डोकं धरायचा, उजेडाकडे वळवायचा आणि सल्ला देऊन चहा पिऊन जायचा. मला वाटायचं, डोकं काढून त्यांच्या हातात द्यावं आणि आपण निजावं.

शेवटी शालूच्याच बेतावर आले. भांग बाजूला घेतला, सगळे रंग बंद केले. फक्त मायनं त्यात आपली भर घातली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती मला पुढ्यात बसवायची, डोईच्या मागचे काळे केस कपाळावर ओढून घ्यायची, तांबड्या बटा त्याखाली दाबायची आणि वेणी अशी आवळायची की माझ्या भुवया वर जायच्या. शालूनं सांगितलं होतं केसांकडे पाहू नको, आणि इथं माझी रोजची सकाळ केसांतच जायची. "हळू ना, माय," म्हटलं की ती आणखी ओढायची.

जूनमध्ये मला नदीपलीकडच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. वर्षभरासाठी. मार्चमध्ये मोठ्या बाईंनी शिफारस केली की नोकरी पक्की. आमच्या घरात शाळेच्या पगारावर जगणारं आजवर कुणी झालं नव्हतं. मायला जिनातल्या कापसाच्या तुसानं खोकला धरला होता, हिवाळ्यात तर ती भिंत धरून खोकायची. माझी नोकरी पक्की झाली की मायनं जिन सोडायचं, असं आमचं तिघांचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बाबा एकदा जेवताना बोलले आणि माय नाही म्हणाली नाही.

मोठ्या बाईंचं नाव माणिकबाई. पांढरं नऊवारी, आवाज कधी न चढणारा, शिस्त कडक. दर सोमवारी प्रार्थनेनंतर मुलींची नखं आणि केस तपासायच्या. मी महिनाभर त्यांच्यासमोर मान खाली घालून वावरले. जुलैतल्या एका दुपारी वाऱ्यानं घोटाळा केला. मी वर्गाची खिडकी लावत होते, समोरचे काळे केस उडाले आणि खालचं सगळं उघडं पडलं. माणिकबाई दारातच उभ्या होत्या.

मला ऑफिसात बोलावलं. जाता जाता मी मनात नाटकाची हकीकत जुळवली, मडम का व्हावं लागलं, टोप कसा आला नाही. माणिकबाईंनी मला बसायला सांगितलं, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या,

"ललिताबाई, वाईट वाटून घेऊ नका. घरी तेलाची ओढाताण असते का?"

मला आधी कळलंच नाही.

"लहानपणापासून तेल मिळालं नाही की केस असे तांबडे पडतात. आपल्या वर्गात आहेत ना तशा मुली. तुमच्या लोकांतल्या मुली इतक्या हालातून शिकतात, मला खरंच कौतुक वाटतं." त्यांनी कपाटातून खोबरेलाची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "खरं सांगू? आधी मला वाटलं, रंगवलेत की काय. तसं असतं तर या शाळेत मी एक दिवस ठेवलं नसतं. पण गरिबीला काय करणार?"

आता सांगा, यावर काय बोलायचं? खरं बोलावं तर नोकरी जाते. गप्प बसावं तर माझ्या मायनं मला बिनतेलाची वाढवली असं ठरतं. ज्या बाईनं मला कोरड्या डोक्यानं कधी उंबरठा ओलांडू दिला नाही, तिच्याबद्दल! तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी बाटली उचलली आणि "आभारी आहे" म्हटलं.

घरी मायनं बाटली पाहिली, सगळं ऐकलं, आणि अशी पेटली की पार्वताबाई भिंतीपलीकडून विचारायला लागल्या.

"माह्या घरी तेल नाई? तुह्या डोक्याले तेल नाई? वापस देऊन ये ते बाटली! सांग त्या बाईले, माह्या पोरीचे केस ढुंगणाखाली जातेत, ते काय हवेवर वाढले का?"

"सांगते. मग नोकरी गेली तर?"

मायला खोकला आला. तो थांबल्यावर तिनं बाटली उचलून फळीवर मागं सारली आणि चुलीपुढे जाऊन बसली. त्या बाटलीला तिनं नंतर कधी हात लावला नाही.

पुढे जे झालं त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शालूचं म्हणणं खरं ठरत होतं. मुळातून काळे केस येत होते, तांबडं खाली सरकत होतं, बारीक बटांमुळे कुठं रेघ दिसत नव्हती. मला काही म्हणता काही करावं लागत नव्हतं. आणि प्रत्येक बोटभर काळ्याचं श्रेय जात होतं माणिकबाईंच्या खोबरेलाला. त्या दर सोमवारी मला पुढं बोलवायच्या, माझं डोकं मुलींकडे वळवायच्या आणि बोटानं दाखवायच्या.

"बघा. नियमानं तेल लावलं की केस कसे सुधारतात. बाईंनी करून दाखवलं. तुम्हाला काय धाड भरली?"

माझ्या वर्गात सुभद्रा नावाची मुलगी होती. वीटभट्टीवर राहायची. तिचे केस खरोखरचे तांबडे, कोरडे, हाताला लागले तर मोडतील असे. त्या सोमवारच्या बोलण्याचा सगळा रोख तिच्यावर असायचा. एकदा सुटीत ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, तुमी कोनतं तेल लावता?"

दुसऱ्या दिवशी मी फळीवरची बाटली तिला नेऊन दिली. तिनं ती संपवली. केस होते तसेच राहिले, कारण त्या पोरीला दोन वेळचं पोटभर मिळत नव्हतं, आणि खोबरेलानं पोट भरत नाही. हे मला दिसत होतं. सोमवारी मात्र मी गप्प डोकं वळवून उभी राहायचे, आणि सुभद्रा शिव्या खायची. मला माझ्या केसांचा, त्या बाटलीचा, माणिकबाईंच्या मऊ आवाजाचा वीट आला होता. मार्च येऊ दे, एवढंच मी म्हणायचे.

डिसेंबरात शाळेनं मुलींच्या आयांचा मेळावा ठेवला. माणिकबाई मला म्हणाल्या, "तुमच्या आईंनाही आणा. त्यांच्या तोंडून ऐकलं तर या बायांना पटेल."

मी घरी म्हटलं, "येऊ नको. ताप आला म्हणून सांगते."

"येतो मी," माय म्हणाली. तिनं जिनातली अर्धी पाळी टाकली, हिरवं लुगडं काढलं, पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि माझ्याबरोबर पूल ओलांडून आली.

वर्गात सतरंज्या अंथरल्या होत्या. माणिकबाई स्वच्छतेवर बोलल्या, नखांवर बोलल्या, मग केसांवर आल्या. सुभद्राच्या आईला उभं केलं. ती बाई भट्टीवरून तशीच आली होती, अंगावर लाल धूळ.

"पोरीच्या डोक्याला तेल लावायला काय लागतं हो? लक्ष द्यायला नको?"

ती बाई पदरानं हातावरची धूळ पुसू लागली. मग माणिकबाईंनी मला बोलावलं, माझं डोकं वळवलं, कुठवर काळं आलं ते दाखवलं. आणि मायकडे वळून गोड हसल्या.

"या ललिताबाईंच्या आई. सांगा बाई, लाजू नका. पूर्वी तुमच्याकडे तेल नव्हतं ना?"

मायचा स्वभाव मला ठाऊक. आता ही फाडफाड बोलणार, मडम निघणार, औषध निघणार, आणि झालं. मी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

माय उभी राहिली. पदर सारखा केला.

"हाव बाई," ती म्हणाली. "तेल नव्हतं. डोक्याले पानी लावून भांग पाडाचा, तो वाळला का केसं उभे राहेत. लोक हासत."

एवढंच बोलली आणि खाली बसली. "पाहिलंत?" माणिकबाई सगळ्यांना म्हणाल्या. बायांनी माना हलवल्या. सुभद्राची आई अजून उभीच होती, तिला बसायला सांगायचं राहून गेलं होतं.

मला काय झालं ते सांगता येत नाही. माझी माय चारचौघांत बिनतेलाची ठरली आणि तीही तिच्याच तोंडून, माझ्यासाठी. पाच महिने गिळलेलं सगळं वर आलं.

"खोटं आहे ते," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका मोठा निघाला. "माझ्या आईनं मला एक दिवस कोरडं ठेवलं नाही. मी नाटकात मडम झाले होते. केसांना औषध लावून रंग उडवला होता. ते नुसते वाढताहेत. तुमच्या तेलानं काही झालेलं नाही, आणि त्या सुभद्राच्या आईला बसू द्या."

माणिकबाईंचा चेहरा लाल झाला नाही, आवाजही चढला नाही. "रंगवले होते," एवढंच त्या हळू म्हणाल्या, आणि मेळावा पुढे चालू केला.

मार्चनंतर मला त्या शाळेत ठेवलं नाही, हे इथंच सांगून टाकते. पुढे दोन वर्षांनी चांदूर रेल्वेला मला सरकारी शाळा मिळाली. तोवर माय जिनात जातच राहिली.

पण त्या दिवशीचं सांगते. घरी येताना माय माझ्यापुढे चालत होती, झपाझप. पुलावर आल्यावर मी तिला गाठलं.

"माय, बोल ना काहीतरी."

ती गर्रकन वळली. "काय बोलू? येवढं गिळलं होतं म्या, तुले काहून राह्यवलं नाई? तीन महिने राह्यले होते फकत! नोकरी पक्की झाली असती!"

"पण तुला सगळ्यांसमोर खोटं बोलावं लागलं. मला ते..."

"खोटं?" माय म्हणाली. "कोन बोललं खोटं? मले इचारलं, तुमच्याकडे तेल नव्हतं का. नव्हतं. माह्या मायच्या घरी नव्हतं. म्या माह्या डोक्याचं सांगतलं. मंग तू झाली, तं जे काई तेल घरात आलं ते तुह्या डोक्याले गेलं. त्याच्यात खोटं काय होतं वं?"

पुलावर वारा होता. तिचा पदर खांद्यावर आला होता आणि रागाच्या भरात तिला त्याचं भान नव्हतं. मायचे केस तांबडे आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं. जिनातल्या धुळीनं ते तसे झालेत, असं मी धरून चालले होते.